मंगलीनं विचारलेली गोष्ट

आमगावच्या स्टेशनापलीकडे, रुळाला लागून, गोंदियाच्या एका सेठची राइस मिल होती. टिकाराम तिथला मुकादम. मुकादम म्हटलं की डोळे वटारणारा माणूस डोळ्यांसमोर येतो, पण टिकारामची तऱ्हा निराळी होती. दिवाळी झाली की आसपासच्या गावांत मंडईची जत्रा भरायची, रात्री दंडारीची नाचगाण्यांची सोंगं रंगायची, आणि त्या दंडारींत टिकाराम सोंगाड्या असायचा. पागोट्याचं टोक दातात धरून त्यानं नुसतं इकडेतिकडे पाहिलं तरी माणसं हसायला लागायची. मिलमध्येही तो तसाच. एखादी बाई उशिरा आली तर तिला बोल लावायचा नाही. तिच्या मागं मागं, अगदी तिच्याच चालीनं, फाटकापासून पटांगणापर्यंत यायचा. बाकीच्या बायका हसून हसून बेजार व्हायच्या आणि दुसऱ्या दिवशी ती बाई सगळ्यांच्या आधी हजर असायची.

मिलमध्ये बायकाच जास्त होत्या. धान टाक्यात उकडायचं, फरशीवर पसरून पायानं सारत सारत वाळवायचं. मग पुरुष ते जुन्या हलरमध्ये भरडायचे, आणि जे बाहेर पडेल ते बायका सुपानं पाखडून तूस वेगळं, तुकड्यांची कनकी वेगळी, तांदूळ वेगळा करायच्या. दिवसभर सुपांचा आवाज आणि त्यावर गाणं. गाणं धरायची ती वच्छला. तिचा आवाज मोठा होता, जीभही मोठी होती. सेठला तोंडावर बोलणारी तेवढी एकच.

मंगली तिच्या अगदी उलट. ती जंगलाकडच्या टोल्यावरून, छोट्या वाडीवरून यायची, गोंडाची. तिचा नवरा झाडू लाकूडतोडीवर जायचा. मंगली फारशी बोलत नसे. टिकारामनं काही नक्कल केली की ती पदर तोंडावर घेऊन हसायची, खांदे हलायचे तेवढेच दिसायचे.

सत्तावन्न साली, दसऱ्याच्या आसपास, सेठ गोंदियाहून आला आणि पटांगणात खुर्ची टाकून बसला. त्यानं नवी मशीन घेतली होती. आतली भिंत पाडून मोठी खोली करायची, नवं इंजिन बसवायचं, धान सोलणं, पाखडणं, चाळणं सगळं मशीनच करणार.

"सूप का काम बंद," सेठ म्हणाला. "अब मशीन पाखडेगी."

वच्छलानं विचारलं, "आन आमी?"

"जो अंदर मशीन पे काम करेगी वो रहेगी. जो डरेगी वो घर बैठे."

एवढं बोलून तो गाडीच्या वेळेवर निघून गेला. त्या दिवशी पटांगणात कोणी गाणं धरलं नाही.

मशीन कलकत्त्याहून आली. तिच्याबरोबर रायपूरकडचा घनश्याम मिस्त्री आला. माणूस चांगला होता, पण त्याचं हिंदी भरभर चालायचं आणि तो बोलायचा ते यंत्राच्या भाषेत. कुठं काय घालायचं, कुठून काय निघणार, कधी हात लावायचा, कधी लावायचा नाही, सगळं त्यानं एका दमात सांगितलं आणि विचारलं, "समझ में आया?" सगळ्यांनी माना हलवल्या. कोणाला काही समजलं नव्हतं. विचारायची कोणाची छाती नव्हती.

पहिल्या दिवशी इंजिन सुरू झालं तेव्हा जमीन हादरली. छताखालच्या दांड्यावर चाकं फिरू लागली, चामड्याचे रुंद पट्टे सळसळ करत पळू लागले. दोघी बायका टोपल्या टाकून बाहेर पळाल्या. एकीनं घाबरून पूर्ण पोतं मशीनच्या तोंडात एकदम ओतलं. मशीन घुसमटली, धान उडालं, तांदूळ तुसासकट एकाच जागी पडला. मंगली तर दाराच्या आत आलीच नव्हती. ती बाहेर चौकटीला हात लावून उभी होती.

तीन दिवस असंच चाललं. चौथ्या दिवशी सेठचा निरोप आला की बायकांच्यानं होत नसेल तर तो बाहेरून माणसं आणेल.

टिकाराम सेठला भेटायला गोंदियाला गेला. "सेठजी, पंधरा दिवस द्या," तो म्हणाला. "या बाया कामाले कच्च्या नाहीत. यायले कोणी नीट सांगतलंच नाही."

सेठनं पंधरा दिवस दिले.

टिकाराम परत आला तो सरळ घनश्यामच्या शेजारी जाऊन बसला. "मिस्त्री, मले शिकव. मी ढ आहो असं समजून शिकव." घनश्याम हसला. "मेरे को समझाना नहीं आता, भाई. मशीन मेरी बात समझती है, आदमी नहीं समझता." तरी त्यानं शिकवलं. टिकाराम दोन दिवस मशीनभोवती फिरला, वाकून पाहिलं, वास घेतला, कान लावला. घरी त्याची बायको देवकाबाई म्हणाली, "काऊन गा, मशीनसंग लगन लावून राहिले का?" आणि त्याच बोलण्यातून त्याला सोंग सुचलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी भाकरी खाऊन झाल्यावर तो पटांगणात उभा राहिला. डोक्यावर पोतं घेतलं, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाला, "मी कोण? मी कलकत्तेवाली सासू. आता या घरात माहं राज."

बायका हसल्या. मग सासूनं जेवायला मागितलं. वच्छलानं खोटं खोटं टोपलं ओतलं. सासूला ठसका लागला, डोळे बाहेर आले, ती खाली लोळली. "अवो सूनबाई, म्हातारीले मारतं का? घास दे, घास. मूठमूठ दे, मी चावतो, मंग दुसरा दे." सासूला खडा चालत नव्हता, दात तुटायचा. सासू रागीट होती, फुंकर मारून तूस उडवून द्यायची, तेव्हा तिच्या तोंडासमोर उभं राहायचं नाही. सासूचं पोट भरलं की ती कण्हायची, तेव्हा थोडं थांबायचं.

दुसऱ्या दिवशी त्यानं सगळ्यांनाच मशीन केलं. वच्छला इंजिन झाली, भक् भक् करत जागच्या जागी नाचली. दोघींनी एक जुनं लुगडं ताणून पट्टा केला. एक चाळणी झाली, एक पंखा. घनश्याम बाजूला उभा राहून सांगायचा, "नहीं नहीं, पंखा पहले, चलनी बाद में," आणि बायका जागा बदलायच्या. त्याचंही हिंदी आता सावकाश येऊ लागलं होतं. हसता हसता सगळ्यांना कळलं की धान कुठून कुठं जातं आणि आपण कुठं उभं राहायचं.

पण खोलीत इंजिन चालू झालं की माणसाचा आवाज माणसाला ऐकू येत नसे. टिकारामनं त्यावरही उपाय काढला. दंडारीत ढोलकी मोठ्यानं वाजत असली की सोंगाडे हातानं एकमेकांना खुणा करतात. तशाच खुणा इथं ठरवल्या. तोंडाशी हात नेला की धान टाक. पोटावर हात ठेवला की पुरे. दोन्ही हात डोक्यावर ठेवले की इंजिन बंद कर, आणि ही खूण दिसली की घनश्यामनं काहीही न विचारता बंद करायचं. मंगली दारातून पाहत होती. तिनं हळूच नाक चिमटीत धरलं. टिकारामनं विचारलं, "हे काय वो?"

"पट्टा घासला का जळका वास येते," मंगली म्हणाली. "त्याची खूण नोको का?"

घनश्यामनं मान डोलावली. ती खूण मंगलीची म्हणून ठरली.

आणखी एक रिवाज टिकारामनं पाडला. दुपारी जेवणं झाली की ज्याला ज्या गोष्टीचं भेव वाटतं त्यानं ती बोलून दाखवायची. लाजायचं नाही. घनश्यामला येत असेल तर तो उत्तर देणार, नाहीतर सेठला विचारणार. पहिल्या दिवशी कोणी बोललं नाही, तेव्हा टिकारामच म्हणाला, "मले इंजिनाच्या आवाजाचं भेव लागते. काल दचकून धोतरात काय झालं ते देवकाले विचारा." मग सगळ्या बोलू लागल्या. एकीला वाटायचं केस खेचले जातील. एकीला वाटायचं की असा आवाज रोज ऐकला तर पोटातलं मूल बहिरं होईल. बोलून बोलून भीती हलकी झाली. पंधरा दिवस संपायच्या आत मशीन नीट चालायला लागली. सेठ आला, पांढरा तांदूळ तळहातावर घेऊन पाहिला आणि बाहेरून माणसं आणायची गोष्ट पुन्हा त्यानं काढली नाही.

फक्त मंगली आत येत नव्हती. ती पटांगणातच धान सारायची. पण पटांगणात आता तेवढं काम उरलं नव्हतं, आणि हे तिला कळत होतं.

एका सकाळी टिकाराम तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. या वेळी नक्कल केली नाही.

"काऊन नाही येत अंदर?"

"मले भेव लागते."

"सगळ्यायले लागते."

"माह्या मामाचा हात आरा मशीनीत गेला. म्या पायला. लहान होती मी." मंगली खाली पाहून बोलत होती. "मशीनले माणूस आन लाकूड एकच."

टिकाराम तिच्याजवळ खाली बसला. मग म्हणाला, "तुह्या मामाले कोणी खुणा शिकवल्या होत्या का? त्याच्या मांगं कोणी उभं होतं का? तुह्या मांगं आमी आहो. मी आहो, वच्छला आहे, मिस्त्री आहे. तू डोक्यावर हात ठेवला का मशीन थांबली समज."

"खरंच थांबन?"

"चाल, थांबवून पाय."

ती आत आली. मशीनसमोर उभी राहिली आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवले. घनश्यामनं इंजिन बंद केलं. भक् भक् मंदावलं, चाकं फिरत फिरत थांबली, आवाज पडला. मंगलीनं आजूबाजूला पाहिलं. तिच्या एका खुणेवर एवढी मोठी मशीन गप्प झाली होती. ती पदर न घेता हसली. तिचे दात टिकारामनं तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

महिनाभरात मशीनच्या तोंडाशी धान घालायला मंगलीइतका नेमका हात कोणाचाच राहिला नाही. ती बोलायलाही लागली. दुपारी ती सेठची चाल करून दाखवायची, पोट पुढं काढून, हात मागं बांधून. वच्छला म्हणायची, "मुकादम, तुमची गादी गेली आता."

पौषातल्या एका दुपारी, आपापलं भेव बोलून दाखवायच्या वेळी, मंगली म्हणाली, "माह्या जागेच्या बाजूनं पट्टा जाते. त्याले झाकण काऊन नाही?"

घनश्याम म्हणाला, "जाली लगती है वहाँ. होनी चाहिए. मैंने सेठ को बोला था."

"मंग?"

"सेठ बोले, सीजन के बाद गोंदिया से बनवाएँगे."

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. सगळ्यांचे चेहरे गंभीर झाले. सीझन ऐन भरात होता, धानाच्या गाड्या फाटकाबाहेर उभ्या होत्या. टिकारामला ती शांतता आवडली नाही. इतक्या मेहनतीनं घालवलेलं भेव पुन्हा दारात येऊन बसल्यासारखं त्याला वाटलं. तो उठला, डोक्यावर पदर घेतल्यासारखं केलं, अंग चोरलं आणि पाय ओढत चालू लागला. "पट्टा म्हणजे आपला भासरा समजा," तो म्हणाला. "दिसला का पदर सावरा आन बाजूनं निघा. त्याच्या अंगाले अंग लागू द्याचं नाही." आणि मोठ्या दिराला पाहून सून कशी भिंतीला चिकटून जाते, ते त्यानं करून दाखवलं.

सगळ्या हसल्या. मंगली सगळ्यांत जास्त हसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं हसून हसून. भोंगा झाला, सगळ्या आत गेल्या. जाळीची गोष्ट तिथंच राहिली.

त्या दिवसापासून बायका पट्ट्याला भासरा म्हणू लागल्या. त्याच्या जवळून जाताना मुद्दाम डोक्यावर पदर ओढायच्या आणि हसायच्या.

माघ लागला होता. सकाळी गारठा असायचा. त्या दिवशी मंगलीनं लुगड्यावर जुनं धडपं पांघरलं होतं. काम सुरू होऊन फार वेळ झाला नव्हता. तिच्या पायाशी ठेवलेलं टोपलं कलंडलं आणि धान पट्ट्याच्या बाजूनं सांडलं. ती ते गोळा करायला वाकली. वाकताना तिनं सवयीनं डोक्यावर पदर ओढला, वच्छलाकडे पाहून हसलीही. त्याच वेळी पाठीवरचं धडपं घसरलं, त्याचं टोक पट्ट्याखाली गेलं.

वच्छलानं दोन्ही हात डोक्यावर ठेवले. घनश्यामनं पाहिलं. त्यानं एक क्षण घालवला नाही, इंजिन बंद केलं. पण एवढं जड चाक बंद केल्याबरोबर उभं राहत नाही. ते आपल्याच जोरानं फिरत फिरत मंदावलं. तेवढ्या वेळात जे व्हायचं ते झालं.

टिकाराम बाहेर गाड्या मोजून घेत होता. इंजिन अवेळी थांबलं म्हणून तो आत धावला. मशीनचा आवाज नव्हता, माणसांचाही नव्हता. घनश्याम चाकूनं कापड कापत होता. मंगलीला त्यांनी धानाच्या पोत्यांवर निजवलं. मग दवाखान्यात न्यायला बैलगाडीत घातलं. टिकारामनं तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. तिचे डोळे उघडे होते, ती त्याच्याकडे पाहत होती, काही बोलायचं असावं असं वाटत होतं. रेल्वे फाटक बंद होतं, मालगाडी जायची होती. गाडी जाईपर्यंत ते तिथं थांबले. फाटक उघडलं तेव्हा गाडीवान बैलांना हाकू लागला. टिकाराम म्हणाला, "सावकाश ने. आता घाई नाही."

मिल बंद राहिली. सेठ येऊन गेला, टोल्यावर माणूस पाठवून गेला. टिकाराम घरी बसून होता. देवकाबाईनं ताट पुढं केलं की तो ताटाकडे पाहत राहायचा.

"तुमी काय केलं?" एका दिवशी ती म्हणाली. "तुमी त्या पट्ट्याले ओढून आणलं का?"

"तिले भेव होतं, देवका," तो म्हणाला. "ते भेव खरं होतं. ते तिले राखत होतं. म्या ते काढून टाकलं. तिनं विचारलं तवा म्या तिले उत्तर देल्लं नाही. हसवलं."

 देवकाबाई ताट उचलून आत गेली आणि चुलीसमोर बसून राहिली.

आठवड्यानं तो टोल्यावर गेला. एकटाच गेला, पायी. झाडू अंगणात कुऱ्हाडीचा दांडा तासत होता. त्यानं वर पाहिलं, बाज पुढं सरकवली. टिकाराम बाजेवर बसला नाही, जमिनीवर बसला. घरातून झाडूची म्हातारी आई चमेली बाहेर आली. तिनं पाण्याचा लोटा ठेवला आणि दाराला टेकून बसली.

 टिकारामनं वाटेत जे जे बोलायचं ठरवलं होतं त्यातलं काही तोंडातून निघेना.

शेवटी तो म्हणाला, "म्या तिले अंदर नेलं."

झाडू दांडा तासत राहिला. "तिनं सांगतलं होतं."

"ती येत नव्हती. म्या आणलं. म्हटलं, हात डोक्यावर ठेवला का मशीन थांबते."

"थे बी सांगतलं होतं." झाडूनं दांडा खाली ठेवला. "रोज येऊन सांगे. आधी घरात बोलत नव्हती ती. कामावरून ये, भात रांधे, निजे. मंग ते मशीन आली आन तिले बोलता याले लागलं. मी थकून येवो जंगलातून, आन ही हसवे. तुमी कसे करता, सेठ कसा चालते." तो थांबला. "लग्नाले कितीक वर्सं झाली आमच्या. म्या तिचा आवाज या चार महिन्यातच आयकला."

टिकारामनं मान खाली घातली.

म्हातारी चमेली म्हणाली, "मले म्हणे, बुढे, तुह्यापेक्षा थे कलकत्तेवाली सासू बरी. घास देल्ला का गुमान खाते, बोलत नाही." ती थोडी पुढं सरकली. "थे सासूचं सोंग मले ती दाखवे. पन म्हणे, मुकादमासारखं मले जमत नाही. तुमी एकदा दाखवा."

"बुढीमाय, माह्याच्यानं नाही होणार."

"दाखवा. ती काय पाहून हसत होती ते मले पायचं आहे."

टिकारामनं झाडूकडे पाहिलं. झाडूनं नको म्हटलं नाही. टिकाराम उठला. अंगणात पडलेलं पोतं त्यानं डोक्यावर घेतलं, कमरेवर हात ठेवला. "मी कोण," तो म्हणाला. पोतं डोक्यावरून घसरलं, ते त्यानं सावरलं. त्यानं पुन्हा सुरुवात केली. सासू आली, सासूनं जेवायला मागितलं, सासूला ठसका लागला. तो खाली लोळला, उठला, फुंकर मारली. सगळं केलं. कुठं काही सोडलं नाही. त्या अंगणात कोणी हसत नव्हतं. कोंबड्या तेवढ्या बाजूला पळाल्या.

सासू कण्हू लागली तेव्हा चमेली हसली. एकदाच, दात नसलेल्या तोंडानं. मग तिनं दोन्ही हातांत तोंड घेतलं, आणि झाडू उठून घरामागं गेला. टिकाराम पोतं हातात धरून अंगणाच्या मधोमध उभा राहिला. बसावं की जावं, त्याला समजत नव्हतं. झाडू परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. त्यानं पोतं टिकारामच्या हातातून घेतलं आणि म्हणाला, "उन्हं उतरली. जंगलाची वाट आहे. मी नाल्यापर्यंत येतो तुमच्यासंग."

नाल्यापर्यंत दोघं चालत आले. वाटेत टिकारामनं त्याची माफी मागितली नाही. मागण्यासारखं काही उरलं नव्हतं.

सेठनं सोमवारी मिल सुरू करायचं ठरवलं. सोमवारी भोंगा वाजला, पण बायका फाटकाबाहेरच बसून राहिल्या. वच्छला सगळ्यांच्या पुढं होती. ती ओरडली नाही, भांडली नाही. म्हणाली, "पट्ट्याले जाळी लागन तवा येऊ."

सेठ टिकारामला बाजूला घेऊन गेला. "टिकाराम, समझाओ इनको. तुम्हारी बात मानती हैं. थोड़ा हँसाओ, सब अंदर आ जाएँगी."

टिकाराम म्हणाला, "सेठजी, आधी हसवलं ना. आता मी बी बाहेरच बसतो." आणि तो फाटकाबाहेर जाऊन बायकांच्या रांगेत बसला. थोड्या वेळानं घनश्यामही आपला पाना घेऊन आला आणि त्याच्या बाजूला बसला.

सेठला जाळी गोंदियाहून आणावी लागली नाही. आमगावच्याच लोहारानं लोखंडी सळयांची जाळी एका दुपारीत तयार केली. दोन माणसांनी ती खांद्यावर उचलून आणली. घनश्यामनं ती बसवली, हातानं हलवून पाहिली. बायका दारातून पाहत होत्या. एवढंसं काम होतं ते. वच्छलाला रडू आवरेना. ती जाळीला धरून रडली, आणि तिला कोणी समजावलं नाही.

मिल चालू झाली आणि पुढं कितीतरी वर्षं चालली. धान कमी पडलं नाही, तांदूळ पांढरा निघत राहिला. बायका लुगड्याचा पदर कमरेला घट्ट खोचून आत जाऊ लागल्या, हिवाळ्यात पांघरूण बाहेर खुंटीला ठेवू लागल्या. पट्ट्याला कोणी पुन्हा भासरा म्हटलं नाही. पुढच्या दिवाळीनंतर दंडारवाले टिकारामला बोलवायला आले, तेव्हा तो म्हणाला की आता गुडघे दुखतात. त्याचे गुडघे दुखत नव्हते हे देवकाबाईला माहीत होतं. तिनं आलेल्या माणसांना चहा दिला आणि वाटेला लावलं.

दुपारी भेव बोलून दाखवायचा रिवाज मात्र त्यानं बंद पडू दिला नाही. फक्त आता तो स्वतः फारसं बोलत नसे, ऐकून घ्यायचा. नव्या बायका यायच्या, त्यांना जुन्या बायकाच खुणा शिकवायच्या. सासूचं सोंग वच्छलाला पाठ होतं, पण ती ते करत नसे. सरळ शब्दांत सांगायची.

एका उन्हाळ्यात प्रेमिला नावाची नवी मुलगी कामाला लागली. दुपारी ती लाजत म्हणाली की आत जायच्या दगडी पायरीवर तिचा पाय घसरतो. गोष्ट लहान होती. एकदोघी हसल्या. एक म्हणाली, "नवी आहे, होईल सवय."

टिकारामनं भाकरीचा तुकडा तोंडात घातला होता. त्यानं ताट बाजूला ठेवलं, हात झटकले आणि उठला.

"कोणती पायरी?" त्यानं विचारलं. "चाल, दाखव मले."